तीन इंच गाळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा पलूस तालुक्यातील आमचे नदीकाठचे रान दहा-बारा दिवस पाण्याखाली होते. ऊस कुजणार हे धरूनच चाललो होतो. पाणी ओसरल्यावर खरा घोर लावला तो सखल अंगाच्या ३० गुंठ्यांवर पसरलेल्या वाळूमिश्रित गाळाने. पुराचा गाळ म्हणजे सोने, असे पाहुणेमंडळी सांगतात. त्यांनी एकदा त्या गाळातून ठिबकच्या नळ्या उपसून पाहाव्यात.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत शेतातील गाळ काढण्यासाठी मदत आहे, पण गाळाची जाडी ३ इंचांहून अधिक असावी लागते. तलाठी पंचनाम्याला आले तोवर तीन आठवडे उलटले होते. ओला असताना चार बोटांहून जास्त भरणारा गाळ उन्हाने आकसून, भेगाळून खाली बसला होता आणि वरच्या कोपऱ्यात पट्टी अडीच इंचांवरच थांबली. तलाठ्यांचा त्यात दोष नव्हता, कारण चार-पाच गावांचे पंचनामे एकट्याच्या गळ्यात होते. तोवर रान साफ करून घ्यावे, तर दाखवायला पुरावा उरत नाही.

त्या वेळी मदतीचा दर हेक्टरी १२,२०० रुपये होता, म्हणजे ३० गुंठ्यांचे ३,६६० रुपये. एवढ्या क्षेत्रावरचा नुसता तीन इंचांचा थर सुमारे ८० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) भरतो. ब्रासमागे ४५ रुपये पडले. तेवढ्यात खोदाई, भराई आणि वाहतूक कोण करून देईल? २०२२ पासून दर १८,००० झाला, तरी ब्रासमागे ६७ रुपयांच्या पुढे जात नाही. थर तीन इंचांचा असो वा दोन फुटांचा, पैसे क्षेत्रावरच मिळतात, ही या निकषाची मूळ खोट आहे.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने आलेली आपत्कालीन भूसंधारण योजना आहे. तिथे ढिगारा हटवणे, जमीन सारखी करणे, कुंपण पुन्हा उभारणे, दुष्काळात जनावरांसाठी पाण्याची सोय करणे अशा कामांच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा सरकार उचलते आणि अल्प साधनांच्या शेतकऱ्यांसाठी तो ९० टक्क्यांपर्यंत जातो. पाहणीआधी काम सुरू केले तर मदत हुकण्याची भीती तिथेही असते आणि उरलेला वाटा शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. तरीही मोजमाप खर्चाचे होते, हा फरक मला मोठा वाटतो.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामे जाहीर झाली. कामाचा हिशेब निदान कागदावर तरी आला. पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव परिसरात २०२१ च्या जुलैत दरडी कोसळल्या, तेव्हा ही तरतूद हवी होती. डोंगरउतारावरचे गाडले गेलेले भाताचे खाचर पुन्हा बांधायचे, तर ते काही पट्टीने मोजून भागणारे काम नव्हे.

त्याच जुलैत आमच्याकडे पुन्हा पूर आला. या खेपेस पाणी हटल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाच्या दप्तरातील फूटपट्टी गाळात रोवून चारही कोपऱ्यांचे फोटो काढले. पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यांनी ते मोबाईलवर मोठे करून पाहिले आणि नोंदीत ‘गाळ ४ इंच’ असे लिहिले.