सुतार पक्षी घराला टोचतो तेव्हा

सुतार पक्षी हाकलायचे उपाय ज्याला त्याला ठाऊक असतात. तो टोचतोय कशासाठी, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. मी आधी तेच बघितलं, म्हणून पुढची बरीच खटपट वाचली.

आमच्या घराच्या वरच्या भागाला लाकडी फळ्या आहेत, वळचणीला पत्र्याची पन्हळ. आवाज दोन्हीकडून यायचा, पण एकसारखा नाही. सकाळी पन्हळीवर ताशासारखा सलग कडकडाट व्हायचा, सेकंदभरात संपायचा, थोड्या वेळानं पुन्हा. हे खाण्यासाठी नव्हतं. विणीच्या हंगामात हद्द सांगायला आणि जोडीदाराला बोलवायला सुतार पक्षी असं वाजवतो. त्यासाठी जितकं खणखणीत तितकं बरं, मग झाड सोडून पत्र्यावर आला यात नवल काय! फळ्यांवरचा आवाज वेगळा होता. ठक, ठकठक, मग थांबून मान वाकडी करून बघणं, पुन्हा ठक.

शिडी लावून फळी जवळून पाहिली. वर ओळीनं वेडीवाकडी छोटी छिद्रं, आणि फळीच्या खालच्या कडेला बोट जाईल असं अगदी गोल भोक, त्याखाली लाकडाचा भुसा. ते गोल भोक काळ्या भुंग्याचं. भुंगा लाकूड खात नाही, पण फळीत आडवा बोगदा कोरून त्यात अंडी घालतो. सुतार पक्षी वरून फोडत होता तो त्या बोगद्यातल्या अळ्यांसाठी.

चार-पाच सेंटिमीटर रुंद आणि खोल गेलेलं भोक दिसलं असतं तर मात्र हात आखडता घ्यावा लागला असता. तसं भोक घरट्याचं किंवा रात्रीच्या मुक्कामाचं असू शकतं. आत अंडी-पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत बुजवायचं नाही. बऱ्याच देशांत या पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा मारणं, पकडणं हे विषयच बाद. चिकट जेलही नको, पिसं चिकटून पक्षी उडायचाच बंद होतो.

शेजारच्या काकांनी प्लॅस्टिकचं घुबड आणून दिलं. मोठ्या हौसेनं बसवलं. सुतार पक्षी पहिल्यांदा बिचकला, नंतर घुबडाशेजारच्याच फळीवर बसून टोचू लागला. वाऱ्यावर फडफडणाऱ्या चकचकीत पट्ट्या त्यामानानं बऱ्या, पण त्याला जागेची सवय लागायच्या आत लावलेल्या असल्या तर.

खरा फरक पडला फळीची डागडुजी केल्यावर. पोखरलेला भाग कापून नवा तुकडा बसवला, उरलेली छिद्रं लांबीनं (पुट्टीनं) भरली, घासून सगळ्या फळ्यांना, कडांनासुद्धा, ऑइलपेंट दिला. भुंग्याला उघडं लाकूड आवडतं, रंगवलेल्याकडे तो सहसा फिरकत नाही. वरून बारीक जाळी ताणली, भिंतीपासून आठ-दहा सेंटिमीटर पुढे. भिंतीला टेकली तर चोच आरपार पोचते, आणि ढिली राहिली तर पक्षीच अडकतो, म्हणून बाजूही नीट बंद केल्या.

अळ्या गेल्या तशी फळ्यांवरची ठकठक थांबली. पन्हळीला आतून फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, आवाज बसला. तर स्वारी छतावरच्या पाइपाच्या पत्र्याच्या टोपणावर गेली. तिथं बिघडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हंगाम संपेपर्यंत वाजवू दिलं.