भरेल का रिकामी?

"भाऊ, गाडी रिकामी चालस का भरेल?"

धुळ्याच्या मिस्तरींचा पहिला प्रश्न हाच. मी गेलो होतो जुन्या फोर बाय फोर जीपला कोणत्या कंपनीचे शॉकअप घ्यावेत, ते विचारायला.

आमची जीप सातपुड्यात तोरणमाळ, धडगावकडे जाते. कधी दोघंच, कधी मागे बियाण्याची पोती. मिस्तरी म्हणाले, वजन पेलतात पाटे, म्हणजे खालच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. गाडी मागून बसत असेल तर कितीही महाग शॉकअप टाका, ती बसणारच. आधी पाटे बघा.

मग निवड. खडखडाटाच्या रस्त्यावर आतलं तेल तापतं, फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनच्या दाबानं फेस कमी होतो, म्हणून गॅसवाला. त्यातला मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, लवकर थंड होतो, हे खरं. पण त्याच्या नळीला दगडानं पोचा पडला तर आतला पिस्टनच अडकू शकतो. ट्विन-ट्यूबला बाहेरून दुसरी नळी असते. सातपुड्यातले दगड डोळ्यांपुढे आले आणि मी ट्विन-ट्यूब गॅसवालाच ठरवला.

इतक्या दुकानांत फिरलो, सगळ्यांनी किंमत सांगितली. ओझं कुणीच विचारलं नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं.

सातपुड्यात गाडी घालणाऱ्यांनो, तुम्ही काय बसवलंय?