आमची वाटचाल: दहा घरांची पट्टी, सात खिशांचा पट

आम्ही लहान मुलांसाठी शिकण्याच्या खेळांचे संच बनवतो. आमच्या पहिल्या संचात लाकडी मणी होते, शंभर घरांचा पट होता, फासा, अंकांची कार्डं आणि महिन्याचा पुठ्ठ्याचा तक्ताही होता. आजच्या संचात तीनच गोष्टी आहेत: दहा घरांची कापडी पट्टी, वारांचा सात खिशांचा पट आणि कपड्यांचे बारा चिमटे. साडेतीन ते सहा वर्षांच्या मुलांना घरीच मोजणी आणि दिनदर्शिका शिकवण्यासाठी एवढं पुरतं.

सगळ्यात आधी मणी गेले. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, आणि मुंबईच्या एका खोलीच्या घरात धाकटं भावंड त्याच सतरंजीवर रांगत असतं. चिंचोके आणि बाटल्यांची झाकणंही याच कारणाने बाद. मोजायला बटाटे, चमचे, वाट्या घ्या. चिमटे लांब असतात आणि ते दाबताना पेन्सिल धरायची बोटंही तयार होतात.

मूल दहापर्यंत घडाघडा म्हणतं, म्हणजे त्याला मोजता येतं असं नाही. खरी परीक्षा म्हणजे ‘मला चार चमचे दे’. पुष्कळ मुलं मूठभर उचलून देतात. दुसरी खूण: मोजून झाल्यावर ‘मग किती?’ विचारलं की मूल पुन्हा एकपासून सुरू करतं. शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. अशा वेळी दहाच्या मागे लागू नका, तीनवर या. ‘एक, दोन, तीन. तीन चमचे!’ असं आपण म्हणायचं आणि मोजलेला चमचा बाजूला सरकवायचा, म्हणजे तो दोनदा मोजला जात नाही. रोजच्या जेवणाची पानं मांडायला द्या: एका ताटाला एक वाटी. वाटी उरली किंवा कमी पडली की चूक मुलाला स्वतःलाच दिसते. यापेक्षा चांगला खेळ आम्हाला अजून बनवता आलेला नाही.

शंभर घरांचा पट आम्ही सापशिडीसारखा छापला होता. त्यात एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते, तर पुढची उलटी. चार वर्षांचं मूल ओळीच्या टोकाला अडतं किंवा वर न चढता मागे फिरतं. म्हणून आता १२ सेंटिमीटरची दहा घरं एका सरळ रेषेत आहेत. सव्वा मीटरची ही पट्टी चटईवर मावते. सहाच्या फाशाने तीन-चार फेकींतच खेळ संपतो, म्हणून पुठ्ठ्याच्या तळहाताएवढ्या चकतीच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ अशी चिठ्ठी चिकटवा. मूल ४ वर आहे आणि २ पडले, तर त्याने ‘एक, दोन’ नव्हे, ‘पाच, सहा’ म्हणत सरकायचं. पालक नेमके इथेच चुकतात. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं: अशा सरळ पट्टीवर चार छोट्या बैठकांत खेळूनही बालवाडीच्या वयाच्या मुलांची संख्यांची समज वाढली.

दिनदर्शिकेचं काम जास्त नाजूक आहे, आणि त्याचं कारण आपल्या भाषेतच आहे. ‘एकवीस’मध्ये कानावर आधी एक पडतो, मग वीस. मूल ऐकल्याप्रमाणे १२ लिहितं, ‘एकतीस’चे १३ करतं. ५२ लिहिलं असतं तर ‘अशी तारीख नसते’ असं सांगता आलं असतं. पण १२-२१ आणि १३-३१ या चारही तारखा तक्त्यावर असतात, त्यामुळे चूक लपून राहते. ‘एकोणतीस’ तर ऐकायला तिशीतलाच वाटतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धत आणली तेव्हा मोठा वाद झाला. लहान मुलासाठी आम्हाला ती जोड उपयोगी वाटते: तारखेवर बोट ठेवून दोन्ही म्हणा, ‘एकवीस, वीस आणि एक’.

महिन्याचा तक्ता आम्ही काढला तो दिशेमुळे. घरातल्या अनेक मराठी दिनदर्शिकांत वार डावीकडे एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली जातात. शाळेच्या तक्त्यात त्या आडव्या. पाच वर्षांच्या आत हा गोंधळ नको. सात खिसे, एक चिमटा, आणि रोज सकाळी दात घासून झाल्यावर तो पुढच्या खिशावर. रात्री हलवला तर ‘आज’ कुठला, हेच बिघडतं. वारांना ओळख हवी: मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग, बुधवारी राणीची बाग बंद, रविवारी लोकलचा मेगाब्लॉक.

‘काल’ आणि ‘उद्या’ मराठीत वेगळे आहेत, पण आपल्या मुलांच्या कानावर हिंदीतला ‘कल’ सतत पडतो, आणि तो दोन्हीकडचा असतो. आपला ‘परवा’ही तसाच. म्हणून पहिले काही महिने ‘परवा’ टाळून सरळ वाराचं नाव घ्या.

पट पुठ्ठ्याचे होते तेव्हा पावसाळ्यात त्यांच्या कडा वळायच्या आणि लॅमिनेशन सुटायचं. आता मंगलदास मार्केटमधलं जाड सुती कापड वापरतो. धुतल्यावर ते थोडं आटतं, म्हणून छापण्याआधीच पाण्यातून काढतो.

सणाला किती दिवस उरले ते दिसण्यासाठी कागदी कड्यांची साखळी करा, पण सातच कड्यांची. तीस कड्या पाहून मूल कंटाळतं. रोज एक कडी तोडायची. गणपती घरी आल्यावर मात्र चढतं मोजा, रोज आरतीनंतर दोरीवर एक चिमटा. आगमनाचा दिवस हाच पहिला चिमटा. तो विसरला तर पाच दिवसांचा गणपती चारच दिवसांचा भरतो. दीड दिवसाचा असेल तर दुसऱ्या दिवशी चिमट्याऐवजी अर्धी कापलेली कडी लावा, मुलाला ‘दीड’ डोळ्यांनी दिसतो.