तुम्ही विचारलंत म्हणून: मोठा लेझर का नाही?

नातेवाईकांपासून प्रकल्प-समितीतल्या प्राध्यापकांपर्यंत सगळे मला एकच विचारतात: "मिथेनच मोजायचाय ना? मग ९९.९९ टक्के उजेड परत फेकणारे आरसे मधे कशाला? सरळ मोठा लेझर घ्या की."

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. मिथेन ठरावीक रंगाचा उजेड शोषतो, त्यावरून तो मोजतात; अर्ध्या मीटरच्या कॅव्हिटीत, म्हणजे समोरासमोरच्या दोन आरशांमधल्या पोकळीत, उजेड इतक्या येरझाऱ्या घालतो की वायूतून त्याचा प्रवास जवळपास ५ किलोमीटरचा होतो. खरंच आहे ते. पण त्यावर लगेच येतं, "मग उजेड दोन साध्या आरशांत तिरका खेळवा." तशीही उपकरणं असतात आणि ती चांगली चालतात. म्हणून नुसत्या लांबीवर वाद घालणं मी सोडलं.

मुद्दा वेळेचा आहे. लेझर झटकन तोडायचा आणि आत अडकलेला उजेड किती वेगानं ओसरतो ते पाहायचं. रिकाम्या कॅव्हिटीत ओसरायची ही वेळ साधारण १७ मायक्रोसेकंद. वायूनं शोषलं की कमी. सुरुवातीला उजेड किती होता याच्याशी देणंघेणंच नाही. १९८८ मध्ये ओकीफ आणि डीकन या संशोधकांनी पल्सागणिक तीव्रता बदलणारा लेझर वापरूनही ऑक्सिजनचं अतिक्षीण शोषण टिपलं, ते याच बळावर. मोठा लेझर आणलात तर उजेडाबरोबर त्याची थरथरही वाढते आणि दशलक्षात एक भाग शोषण तिच्यात बुडून जातं.

उजेड वाया जातो, हे मात्र कबूल. या कॅव्हिटीचा अनुनाद, म्हणजे ती आत घेते तो वारंवारतेचा पट्टा, जेमतेम १० किलोहर्ट्झ रुंद आणि आमचा डायोड लेझर त्याहून कितीतरी पसरट. आत शिरतो तो थोडाच.

एका पावसाळ्यात समिती प्रयोगशाळेत आली. एका ज्येष्ठ सदस्यांना कॅव्हिटी आतून बघायची होती. बाहेर धो धो पाऊस, खोलीत दमट हवा; मी नको म्हणत होते, तरी उघडावी लागली. पुन्हा बंद करून कोरडा नायट्रोजन सोडला, तर स्क्रीनवर १७ चे १५ झालेले. दर आपटीला लाखात एक भाग उजेड जास्त गळाला की एवढं होतं. "बघा, मिथेन नसताना तुमचं यंत्र मिथेन दाखवतंय," ते म्हणाले. मी लेझर १६५१ नॅनोमीटरजवळच्या मिथेनच्या रेषेवरून (मिथेन शोषतो त्या अरुंद तरंगलांबीवरून) सावकाश सरकवत नेला. रेषेवर १५, रेषेबाहेरही १५. मिथेन असता तर रेषेबाहेर वेळ पुन्हा वर चढली असती; सपाट घट म्हणजे आरशावर बसलेला थर. आलेख पुरा होईपर्यंत मंडळी चहाला गेली होती. अहवालात "पद्धत बेभरवशाची" असा शेरा आला, पैसे आले नाहीत. आलेख मी मागाहून पाठवला. उत्तर नाही.

त्याचा राग अजून आहे. तरीही तो शेरा साफ खोटा, असं मला म्हणवत नाही. मिथेनची रेष अरुंद, म्हणून आरसा आणि वायू वेगळे काढता येतात. काजळीचं तसं नाही. ती सगळ्या पट्ट्यात उजेड खाते, तिथे रेषेबाहेर सरकायला जागाच नसते. मग मी आधी गाळलेली हवा भरून वेळ मोजते, नंतर धुराची, मग पुन्हा गाळलेली. पहिली आणि तिसरी जुळली की बरं वाटतं. मधल्या मिनिटांत आरसा कसा होता, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.