चारशे मिनिटांचं कार्ड

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी परदेशात होते. घरी फोन लावायचा तर प्रीपेड कॉलिंग कार्ड. मागची चंदेरी पट्टी खरवडायची, टोल-फ्री नंबर लावायचा, मग पिन, मग घरचा नंबर. कार्डावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ४०० मिनिटं. त्यावर मी एकूण ३४ मिनिटं बोलले.

३४ हा आकडा मला पाठ आहे, कारण मी तो लिहून काढला होता. प्रत्येक कॉलच्या आधी रेकॉर्ड केलेला आवाज किती मिनिटं उरली ते सांगतो. पहिल्या कॉलला ४०० म्हणाला. दादाशी दोन मिनिटं बोलले, 'ताप उतरलाय, झोपलेत, उद्या कळवतो' एवढंच, आणि ठेवला. संध्याकाळी परत लावला तर आवाज म्हणाला, ३७१. मला वाटलं आपली ऐकण्यात चूक झाली. तिसऱ्या कॉलला ३४२ ऐकलं आणि मी हाताशी असलेल्या पाकिटावर आकडे लिहायला लागले. दर कॉलला २९ मिनिटं जात होती. मी एक मिनिट बोलले काय आणि तीन बोलले काय, २९च.

कस्टमर केअरला फोन केला. बराच वेळ थांबल्यावर एक बाई बोलायला आल्या. त्या म्हणाल्या, सगळं कार्डाच्या मागे छापलंय. मागे छापलं होतं, 'शुल्क व अधिभार लागू होऊ शकतात.' किती ते नव्हतं. मी पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्यांनी दोन रकमा सांगितल्या. एक कॉल जोडला गेल्याची, दुसरी फोन ठेवल्याची. हो, ठेवल्याची. त्या रकमांची मी मिनिटं केली. जोडण्याची १२, ठेवण्याची १४. उरलेली तीन म्हणजे माझं बोलणं, कारण मोजणी तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यानं होती. बोललात एक मिनिट, तरी कापणार तीन.

तेरा कॉल झाले तेव्हा २३ मिनिटं उरली होती. एवढ्यात आणखी एक कॉलही पुरता बसत नव्हता, पण मला तेव्हा मिनिटभरही चाललं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लावला तर शिल्लक पुरेशी नाही. पहिल्या वापरापासून सात दिवस झाले की देखभाल शुल्क कापलं जातं, ते रात्रीतून कापलं गेलं होतं. त्या सकाळी डॉक्टर राउंडला आले होते की नाही, ते मला दुपारी नवं कार्ड घेईपर्यंत कळलं नाही.

छापलेला आकडा धडधडीत खोटा नसतो, यातच त्याची खरी मेख आहे. तुम्ही एका बैठकीत, एकाच कॉलमध्ये सगळं कार्ड संपवलंत तर त्याच्या जवळपास पोचता येतं. पण घरात आजारी माणूस असताना तसं कोण बोलतं? आपण पाच वेळा फोन करतो, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. जेवले का, डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्ट आला का. जो काळजीत आहे तोच थोडं-थोडं आणि सारखं बोलतो, आणि जोडण्या-ठेवण्याचं शुल्क नेमकं त्याच्याकडूनच सर्वात जास्त वसूल होतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

सगळीच शुल्कं लबाडीची नसतात, हेही सांगायला हवं. पेफोनवरून टोल-फ्री नंबर लावला की पेफोनच्या मालकाला भरपाई द्यावी लागते. अमेरिकेत २००४ साली ती कॉलमागे ४९.४ सेंट ठरली. कार्ड कंपनी ती आपल्याकडून घेणार, ठीक आहे. पण मग ती रक्कम ४०० या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे माझ्या एकटीचं नव्हतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, कार्डं विकत घेऊन प्रत्यक्ष मिनिटं मोजली आणि २००८ मध्ये विक्रेत्यांवर दावे लावले. तिथल्या दूरसंचार नियामकानं, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं, २०१५ मध्ये सहा कंपन्यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर दंड केला. शेकडो-हजारो मिनिटांची जाहिरात करायची आणि शुल्कं बारीक अक्षरांत दडवायची, हाच आक्षेप. हे वाचताना मला ते पाकीट आठवलं. त्या सरकारी माणसांनी केलं ते मीही केलं होतं, आवाज ऐकून आकडा लिहिणं. कार्डावर पडून राहणाऱ्या पैशाला धंद्यात 'ब्रेकेज' म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. माझी २३ मिनिटं तशी शुल्कानं गेली नसती, तरी बहुधा ब्रेकेजमध्ये गेली असती.

आता बहुतेक जण इंटरनेटवरून बोलतात. पण ज्यांच्या घरी अजून साधा फोनच आहे ते कार्डं घेतात. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्यानं विचारलं म्हणून हे सगळं लिहिते आहे. त्याला मी एवढंच सांगितलं की मिनिटांचा आकडा बघूच नकोस. मोजणी एक मिनिटाची की तीनची, फोन ठेवल्यावर काय कापतात, मोबाईलला दर वेगळा आहे का, हे आधी विचार. उत्तरात रक्कम आली नाही तर ते कार्ड घेऊ नकोस. आणि घेतलंच, तर सर्वात लहान किमतीचं घे आणि दोन कॉल करून शिल्लक ऐक.

बाबा घरी आले त्या रात्री मी त्याच कंपनीचं दुसरं, ४०० मिनिटांचंच कार्ड वापरलं. तेव्हा दुसऱ्या कंपनीचं मिळालं नव्हतं. दीड तास बोललो. दुसऱ्या दिवशी आवाज म्हणाला, २८४. म्हणजे ९० मिनिटांची ९०च गेली होती, वर तेच १२ आणि १४. त्या रात्री बाबा मध्येच म्हणाले होते, "चल, ठेवतो आता. तुझे पैसे जातायत."

"बाबा, ठेवू नका," मी म्हटलं. "ठेवलात तर जातील."