अंग सैल सोडा म्हणे

गरोदरपणाचा आठवा आठवडा, रात्र.

आज आतून तपासणी पूर्ण झाली. दोन आठवड्यांपूर्वी ती अर्ध्यातच सोडावी लागली होती.

तेव्हाचं आठवलं की अजून पोटऱ्या ताठतात. टेबलावरचा कागद घामाने पाठीला चिकटलेला, पाय आधारांवर अडकवलेले, आणि "अंग सैल सोडा, सैल सोडा." सोडायला जावं तर मांड्या आपोआप मिटायच्या. स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं उपकरण) जरा सरकला की आत सुरी फिरल्यासारखं व्हायचं. नर्स म्हणाली, "एवढ्याने असं करताय, मग बाळंतपण कसं व्हायचं?" मी चक्क माफी मागितली! का मागितली, देव जाणे. घरी येऊन त्याच गोष्टीचा जास्त राग आला.

आज दुसऱ्या डॉक्टर होत्या. कपडे उतरवायच्या आधी, समोरासमोर बसूनच त्यांना सांगितलं की मला फार दुखतं आणि मागच्या वेळी जमलं नव्हतं. हे वाक्य मी घरून पाठ करून गेले होते. त्या म्हणाल्या, योनीभोवतीचे स्नायू भीतीने आपोआप आवळतात, धूळ आली की पापणी मिटते ना, तसे. मी हट्टी नाही, हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं.

पोटावरून सोनोग्राफी नाही का चालणार, हेही विचारलं. चालते, पण इतक्या लवकर नीट दिसेलच असं नाही. गर्भ आत्ता जेमतेम दीड सेंटीमीटरचा, आणि आतला प्रोब, म्हणजे योनीतून आत घ्यायची सोनोग्राफीची कांडी, गर्भाशयाच्या अगदी जवळ पोचतो. लघवी करून या म्हणाल्या. (पोटावरून करतात तेव्हा पाणी पिऊन तट्ट फुगून बसावं लागतं, इथे उलटं.)

मग त्यांनी प्रोबवर भरपूर जेल लावलं आणि तो माझ्याच हातात दिला. "तुम्हीच आत घ्या, तुमच्या वेगाने. थांबा म्हणालात की मी थांबणार." असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. अर्ध्यात मी "थांबा" म्हटलं. खरं तर तेव्हा फारसं दुखत नव्हतं, त्या थांबतात का ते बघायचं होतं. थांबल्या. त्यानंतर माझ्या मुठी सुटल्या.

कंबर सारखी वर उचलली जात होती, ती टेबलाला टेकवून ठेवली आणि श्वास रोखायच्या ऐवजी लांब फुंकर मारत राहिले. दुखलं नाही असं नाही, जळजळ झालीच. पण सोसण्याइतकी. पडद्यावर काहीतरी लुकलुकत होतं. "हे ठोके," त्या म्हणाल्या. मला तेव्हा फक्त फुंकर मोजायचं भान होतं, रडू रिक्षात आलं.

संध्याकाळी गुलाबीसर डाग दिसला. आधी सांगितलं नसतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. गरोदरपणात गर्भाशयाच्या तोंडाचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणून जरा धक्का लागला तरी थोडं रक्त दिसू शकतं. तपासणीने गर्भपात होत नाही. पाळीसारखं रक्त गेलं किंवा पोटात जोरात दुखलं, तर मात्र लगेच फोन करायचा.

निघताना फाइलच्या पहिल्याच पानावर त्यांच्याकडून लिहून घेतलं: लहान स्पेक्युलम, सावकाश, विचारून. पुढच्या वेळी टेबलापाशी कुणी का असेना, फाइल तीच असणार आहे.