तुमचा देव केव्हाचा हाय वं माय?

केळझरच्या टपरीवर आम्ही चहाला थांबलो, तेव्हा बाकावरच्या आबाजींनी आमच्या अकराजणांवरून एकदा नजर फिरवली आणि मला विचारलं, "मास्तर नाई दिसत वं यंदा?"

"बाबा गेले, आबाजी. दिवाळीच्या आधी."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ बोललेच नाहीत. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का. दरवर्षी ८ फेब्रुवारीला बाबा सेलूजवळच्या आमच्या गावातून पायी निघायचे, बोर नदी ओलांडून सकाळच्या उन्हात इथं पोचायचे आणि या दोघांचा चहा व्हायचा. तीन दिवसांत नागपूर गाठायचं आणि ११ तारखेला सेमिनरी हिल्सच्या लूर्द मातेच्या ग्रोटोत, म्हणजे गुहेसारख्या देवळीत, मेणबत्ती लावायची. १८५८ साली त्याच तारखेला फ्रान्समधल्या लूर्दच्या गुहेत बर्नादेतला मरियेचं पहिलं दर्शन झालं, म्हणून तो सणाचा दिवस. बाबा याला वारीच म्हणायचे.

"म्या पंढरीले लय खेपा गेलो पायी," आबाजी म्हणाले. "आमचा इठोबा अठ्ठावीस युगं उभा हाय. तुमचा देव केव्हाचा हाय वं माय?"

त्यात कुठं खोच नव्हती. एका वारकऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं. आणि मी सांगून बसले, "दोन हजार वर्षं झाली, आबाजी."

ते मान हलवून "बरं" म्हणाले. आम्ही उठलो, चालू लागलो, पण ते उत्तर मला चपलेत खडा शिरावा तसं टोचत राहिलं. दोन हजार वर्षं ही बेथलेहेमातल्या येशूच्या जन्माला झाली, देवाची नव्हे. दर रविवारी चर्चमध्ये श्रद्धेचा अंगीकार म्हणताना माझ्याच तोंडून निघतं की पुत्र, म्हणजे येशू, सर्व युगांच्या अगोदर पित्यापासून जन्मला. मुख्यतः याच गोष्टीवरून इसवी सन ३२५ मध्ये निकेयाला धर्मसभा भरली होती. आरियस नावाचा आलेक्सांद्रियाचा धर्मगुरू सांगत होता की पुत्र नव्हता असाही एक काळ होता. सभेनं ते साफ नाकारलं. आणि मी मात्र एका चहात देवाचं वय सांगून मोकळी झाले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा सोंगणीला आला होता. पऱ्हाटीत फरदडीची उरलीसुरली बोंडं लटकत होती. बांधावरच्या पळसाला नुकतीच फुलं धरली होती. मावशी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, सांगत होत्या, आम्ही मागून म्हणत होतो. माझ्या हातात बाबांची माळ होती. लाकडी मणी घामानं काळे पडलेले, आणि तिसऱ्या दहा मण्यांत एक मणी तुटून हरवला तिथं बाबांनी पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारलेली. बोट तिथं आलं की क्षणभर अडतं. दर दहा मण्यांनंतर त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचा, गौरव: जसा प्रारंभी होता, तसा आता आहे आणि सदासर्वदा राहील. एका रोझरीत पाच वेळा, दिवसाच्या तीन रोझऱ्यांत पंधरा वेळा. लहानपणापासून म्हणत आले आणि आबाजींना सांगायच्या वेळी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीच्या अलीकडे एका खदानीजवळ सावलीला बसलो. गिट्टीचा एक तुकडा मी उचलला. काळा, जड, अंगावर बारीक भोकं, एका भोकात पांढरे स्फटिक. हा आपला विदर्भाचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, हे बाबा शाळेत शिकवायचे. ९०वं स्तोत्र बायबलात मोशेची प्रार्थना म्हणून दिलेलं आहे. त्यात तो म्हणतो, डोंगर जन्मले त्याआधीपासून, अनादिकालापासून अनंतकालापर्यंत तूच देव आहेस. तो दगड हातात धरून मला पहिल्यांदा वाटलं की देवाला या दगडापेक्षा जुना म्हणणंही चूकच आहे. जुनं होतं ते काळात असलेलं. दगड जुना होतो, स्तोत्र जुनं होतं, माझे गुडघे जुने होतात. जळत्या झुडपापाशी मोशेनं नाव विचारलं तेव्हा देवानं आपण केव्हाचे ते सांगितलं नाही. "मी आहे" एवढंच सांगितलं.

आकाश आणि पृथ्वी करण्याआधी देव काय करत होता, असं लोक संत ऑगस्टीनना विचारत. त्यांचं म्हणणं, काळसुद्धा देवानंच निर्माण केला, मग काळ नव्हता तिथं "तेव्हा" कुठून आणायचं? आपल्याला दिवस एकामागून एक भेटतात, पहिला गेल्याशिवाय दुसरा येत नाही. देवापुढं सगळे एकदमच उभे. आणि असा देव माणूस होऊन बारा वर्षांचा असताना आईबापांसोबत सणाला यरुशलेमला गेला, आपल्याच घडवलेल्या मातीवर पाय दुखवत, हे मला त्या चालण्यात फार जवळचं वाटलं. त्या वाटेवर यात्रेकरू म्हणायचे ती स्तोत्रं अजून आहेत, १२० ते १३४. त्यातलं १२१वं मावशींनी उतरत्या उन्हात म्हटलं. तुझा रक्षक झोपत नाही, असं त्यात आहे. माझ्या टाचेला फोड आला होता, आणि त्या शब्दांवर मी आणखी दोन किलोमीटर ओढले.

तिसऱ्या दिवशी ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि शहराची धूळ सुरू झाली. मला बाबांबद्दलच्या "गेले" या शब्दाचा त्रास होत होता. मीच तो उच्चारला होता. येशूच्या काळातले सदूकी पंथाचे यहुदी लोक पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मानत नसत. त्यांना येशूनं जे उत्तर दिलं ते त्या गर्दीत आठवलं. देवानं मोशेला म्हटलं, मी तुझ्या पूर्वज अब्राहामाचा देव आहे. अब्राहामाला जाऊन तोवर शतकं लोटली होती, तरी देव त्याचाच देव होता असं म्हणाला नाही. तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे, त्याच्या लेखी सगळेच जिवंत आहेत. डोळे भरून आले. मावशींनी काही न विचारता माझी पिशवी घेतली.

ग्रोटोत मेणबत्ती लावली. वारा होता, दोनदा विझली, तिसऱ्यांदा टिकली. बाबांसाठी प्रार्थना केली. त्यांच्याशी बोलावं तशीच.

परतताना एसटीनं आले आणि केळझरला उतरले. आबाजी त्याच बाकावर होते.

"आबाजी, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. आमचा देव केव्हाचा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तो माणूस झाला. पण त्याला काल नाही आणि उद्याही नाही. तुमचं-माझं सगळं त्याच्यापुढं आत्ताच आहे. बाबासुद्धा."

ते ऐकत राहिले. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"मंग आमची अठ्ठावीस युगंबी त्याच्या एका नजरीतच असतीन?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं.

"हो आबाजी," मी म्हटलं. "असतीलच."